वचन आणि सदन यांच्यामधली पायरी

शब्दशिडी सोडवताना माणसं कुठे घसरतात हे मला तोंडपाठ आहे. जळगावच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेली एकोणीस वर्षं मी हे कोडं देते आहे आणि दर आठवड्याला आलेल्या उत्तरांतल्या चुका निवडत बसते आहे. निवृत्तीपर्यंत तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत मला अजूनही सगळे बाईच म्हणतात, आणि बाईंचं डोकं लवकर तापतं हेही सगळ्यांना माहीत आहे.

कोडं साधं असतं. वर एक शब्द, खाली एक शब्द. एका वेळी एकच अक्षर बदलायचं, प्रत्येक पायरीवर खरा शब्द तयार झाला पाहिजे, आणि असं करत करत खालच्या शब्दापर्यंत पोचायचं. भजनचं वजन, वजनचं वचन. एवढंच. तरी लोक दोन अक्षरं एकदम बदलतात. वर येऊन गेलेला शब्द पुन्हा घालतात. काना चिकटवून वेळ मारून नेतात. तीन अक्षरांची चार करतात. आणि काहीच सुचलं नाही तर कोणत्याही कोशात नसलेला शब्द बिनदिक्कत ठोकून देतात. खाली मात्र मोठ्या ऐटीत नाव, गाव, मोबाइल नंबर.

माझ्या यजमानांनी, जीवरामांनी, यातली एकही चूक कधी केली नाही. ते मुख्याध्यापक होते. गाव त्यांना आबा म्हणायचं. घरात आमची दोघांची वेगळी शिडी चालायची. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला चोपड्याच्या एका खतवाल्या दुकानदाराचं कॅलेंडर असायचं, त्याच्या जुन्या पानाच्या पाठीवर. वरचा शब्द माझा, खालचा त्यांचा. मी वरून उतरायची, ते खालून चढायचे. दर रविवारी चहाबरोबर ज्याचा डाव असेल त्यानं एक पायरी लिहायची. शिडी मध्ये जुळली की नवं पान.

नियम त्यांचे होते आणि शाळेसारखे कडक होते. चुकीची पायरी लिहिली तर समोरच्यानं ती लाल पेन्सिलनं खोडायची, डाव चुकणाऱ्याकडेच राहायचा, पुढच्या रविवारी त्यानं पुन्हा लिहायचं. एक चूक एकदाच माफ. तीच पुन्हा केली तर डाव समोरच्याचा. आणि रविवारी जेवायच्या आत काहीच लिहिलं नाही तरीही डाव समोरच्याचा. आजारी असो, लग्नाला गेलेलं असो, सूट नाही.

मागच्या ऑक्टोबरात ते सकाळी तलावाला फेरी मारायला गेले आणि तिथल्या बाकावरच गेले. दारामागच्या पानावर तेव्हा वर माझे दोन शब्द होते, भजन आणि वजन. खाली त्यांचा एक, दहन. हा शब्द त्यांनी मुद्दाम निवडला होता, वय झालं की असल्या गमती सुचतात म्हणाले होते. मी रागावले होते. डाव त्यांचा राहिला होता.

ते पान मी काढलं नाही. कोणाला काढू दिलं नाही.

आमची एकुलती एक मुलगी रत्ना धुळ्याला दिलेली आहे. तिचे वडील गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात तिला दिवस गेल्याचं कळलं. लग्नाला सात वर्षं झाली होती, त्यामुळे जो तो एकच बोलला. शेजारच्या भिकुबाई अक्का माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "रडू नको बाई. आबाच परत ई राहिनात." ते परत येताहेत हे ऐकून मला बरं वाटलं. खोटं का बोलू, फार बरं वाटलं.

सातव्या महिन्यात ओटी भरून रत्नाला पहिल्या बाळंतपणासाठी घरी आणलं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली होती. आमच्याकडे त्या दिवशी लेकी माहेरी येतात आणि गेलेली माणसंही येतात. वर्षभरात गेलेल्याच्या नावानं नवी घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे ठेवायचे, निखाऱ्यावर पोळीचा आणि तुपाचा घास टाकायचा. त्याला आगारी म्हणतात. आगारी टाकताना माणसाला नावानं बोलवायचं, जेवा म्हणायचं, आणि शेवटी सुखानं आपल्या ठिकाणी जा म्हणून निरोप द्यायचा. आमच्या घरी हे सगळं तेच करायचे. मी पुरण वाटण्यात असायची, त्यांचं बोलणं कधी नीट ऐकलं नव्हतं. यंदा ते नव्हते आणि आम्हाला मुलगा नाही, म्हणून घागर मीच भरली. घास निखाऱ्यावर टाकला, तूप चरचरलं, आणि काय म्हणायचं ते आठवेचना. तोंडातून निघालं ते माझ्या लहानपणच्या बोलीत निघालं.

"या. आते डाव तुमना शे."

एवढंच बोलून मी उठले. पानं वाढायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवायला गेले तर दारामागच्या पानावर खाली, दहनच्या वर, 'सहन' लिहिलेलं होतं. त्यांच्या अक्षरात. त्यांच्या 'स'ची पहिली गाठ नेहमी फार मोठी यायची, तशीच आलेली. खाली फरशीवर पेन्सिलीच्या ताज्या साली पडल्या होत्या, लाल कडांच्या. ते गेल्यापासून ती पेन्सिल मी हातात घेतली नव्हती.

मी घाबरले नाही. लोकांना हे खरं वाटत नाही, पण मला आनंद झाला. रत्नाला वाटलं मी केळीच्या चिप्स तळताना गुणगुणते आहे ती तिच्यासाठी. ती म्हणत होती की पोट जरा ओढल्यासारखं होतंय, मी म्हटलं प्रवासाचं असेल. रविवारी सकाळी मी चहा घेऊन दारामागे उभी राहिले आणि वजनच्या खाली 'वचन' लिहिलं. सोमवारी सकाळी सहनच्या वर 'सदन' आलं होतं.

त्याच सोमवारी दुपारी रत्नाला कळा सुरू झाल्या.

आठवा नुकताच लागला होता. दवाखान्यात इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं, दोन दिवसांनी कळा थांबल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मूल अजून फार लहान आहे, जूनचा तिसरा आठवडा ओलांडायलाच हवा, तोपर्यंत हिनं पलंगावरून उठायचं नाही. जावई नवल धुळ्याहून धावत आले, पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. रत्नाला घरी आणलं, मधल्या खोलीत निजवलं. तिथून स्वयंपाकघराचं दार दिसतं.

मग रविवार आला. पानावर आता एकच पायरी रिकामी होती. वर वचन, खाली सदन. मधला शब्द वदन. चौथीतलं पोरही सांगेल. मी पेन्सिल घेतली आणि 'व' लिहिला. मधल्या खोलीतून रत्ना कण्हली. मी 'द' लिहिला आणि ती ओरडली. मी हात मागे घेतला, दोन्ही अक्षरं खोडरबरानं पुसली. ती शांत झाली. खात्री करून घ्यायला म्हणून, देवा मला क्षमा कर, मी पुन्हा एक 'व' लिहिला. ती पुन्हा कण्हली.

मी तो पुसला आणि खाली बसले. तेव्हा मला सगळं कळलं. मी बोलावलं होतं आणि ते येत होते. एक एक पायरी चढून येत होते. शिडी जुळली की वर येणार, आणि वर यायला त्यांच्यासाठी एकच दार होतं. ते दार अजून उघडायच्या वेळेला आलेलं नव्हतं. लवकर उघडलं तर माझी लेक आणि तिचं मूल, दोघांचं काय होईल ते डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर मी वाचलं होतं.

पान फाडून टाकावं म्हणून कोपरा धरून नुसता ओढला तर आतून जी किंकाळी आली ती मला अजून ऐकू येते. काही न लिहिता बसावं तर डाव त्यांचा होणार आणि ते वदन लिहिणार. भलताच पण खरा शब्द लिहून शिडी दुसरीकडे न्यावी, तर ती पायरी नियमात बसते, म्हणजे डाव पुन्हा त्यांचाच. आणि त्यांना कुठूनही वाट सापडायची, हे मी चौतीस वर्षं पाहिलं आहे. एकच उपाय होता. मला चुकायचं होतं. डाव माझ्याकडे अडकवून ठेवायचा तर दर रविवारी एक चूक, आणि प्रत्येक वेळी नवी.

त्या रविवारी मी वचनच्या खाली 'गगन' लिहिलं. दोन अक्षरं एकदम. लिहिताना कान लाजेनं गरम झाले. सोमवारी सकाळी गगनवर लाल रेघ होती आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, एका वेळी एकच. रत्ना आठवडाभर शांत झोपली.

पुढच्या रविवारी 'वजन'. वरच येऊन गेलेला शब्द. सोमवारी रेघ, आणि शेजारी, हा आला आहे. त्याच्या पुढच्या रविवारी वचनला काना देऊन 'वाचन' केलं. काना कशाला, असं उत्तर आलं. चौथ्या रविवारी 'प्रवचन'. त्यावर शब्द नव्हता, फक्त एक प्रश्नचिन्ह होतं. ते मोठं होतं आणि त्याचा खालचा ठिपका कागदात रुतला होता.

घरात त्यांचं अस्तित्व जाणवायला लागलं होतं. सोमवारी पहाटे स्वयंपाकघरात पेन्सिल तासल्याचा कर्र आवाज यायचा. मी अंथरुणात डोळे मिटून पडून राहायची. उठून बघायची हिंमत नव्हती, आणि बघितलं आणि ते दिसले तर मी त्यांना थांबा म्हणू शकणार नाही अशीही भीती होती. चौतीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्यापुढे कधी मुद्दाम खोटं वागले नव्हते. आता दर आठवड्याला, त्यांच्याच पानावर, त्यांना येतं ते मला येत नाही असं सोंग करत होते. त्यांना ते कळत असणारच.

पाचव्या रविवारी मी 'वफन' लिहिलं. असा शब्द जगात नाही. सोमवारी रेघ एवढी जोरात ओढलेली होती की पान फाटलं होतं. शेजारी काहीच लिहिलेलं नव्हतं. आणि रत्नाला त्या दिवशी चूक असूनही बारीक कळ आली. एकच आली, पण आली.

भिकुबाई अक्का रत्नाच्या पायांना तेल लावायला यायच्या. त्या दिवशी तेलाची वाटी घ्यायला स्वयंपाकघरात आल्या आणि दारामागचं ते पान बघत उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नाही. पण कागदावरच्या रेघा आणि माझं तोंड त्यांना वाचता आलं असावं. आखाजीला काय काय बोलले ते त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तेलाची वाटी भरून घेतली. मग म्हणाल्या, "तू त्यासले बलावं, पन परत धाडं नही." आणि वाटी घेऊन आत गेल्या.

सहावा रविवार जूनच्या मध्यावर आला. डॉक्टरीणबाईंचा तिसरा आठवडा अजून ओलांडायचा होता. माझ्याकडच्या चुका संपल्या होत्या. एकोणीस वर्षं लोकांच्या चुकांवर तोंडसुख घेतलं आणि ऐन वेळी मला सहावी चूक सुचत नव्हती. चहा गार झाला. दहा वाजले, अकरा वाजले. जेवायच्या आत लिहायला हवं होतं.

मधल्या खोलीतून रत्ना म्हणाली की आई, इकडे ये. मी गेले. ती उशीला टेकून बसली होती. गेले पाच रविवार ती पलंगावरून मला बघत होती. तिनं विचारलं की तुला तो शब्द येतो ना. मी हो म्हटलं. मग का चुकतेस, असं तिनं विचारल्यावर माझा बांध फुटला आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. गरोदर बाईला असलं काही सांगू नये, पण सांगितलं. ती घाबरली नाही. बापावर गेलेली आहे. पोटावर हात ठेवून तिनं जरा विचार केला.

"आई, आबांना तारीख कोणी सांगितली आहे का?"

मी पदरानं डोळे पुसले.

"तू त्यांना ये म्हणालीस. कधी ये ते सांगितलंस का? त्यांना तिकडून काय दिसतंय? त्यांना वाटतंय खेळ चाललाय आणि तू मुद्दाम रडीचा डाव खेळतेस."

पायरीच्या जागी शब्दाशिवाय दुसरं काही लिहायचं नाही, हे त्यांचं पहिलं कलम होतं. शिडीवर बोलायचं नाही. चिठ्ठी नाही, खूण नाही, विनंती नाही. आजवर मी ते कधी मोडलं नव्हतं. बारा वाजायला दहा मिनिटं असताना मी दारामागे गेले आणि वचन आणि सदनच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं.

'अहो, लेकीचे दिवस अजून भरलेले नाहीत. जुलैच्या आधी आलात तर दोघंही जातील. थांबा.'

सोमवारी पहाटे मी जागीच होते. पेन्सिल तासल्याचा आवाज आला नाही. खोडरबर कागदावर घासल्याचा आवाज आला, हळूहळू, खूप वेळ. मग काही नाही.

उजाडल्यावर गेले. सदन पुसलेलं होतं. सहन पुसलेलं होतं. खाली एकटं दहन उरलं होतं, ते हयात असताना लिहिलेलं. माझ्या वाक्याखाली लाल पेन्सिलनं एक शब्द होता, मुलांच्या वह्या तपासून झाल्यावर ते लिहायचे तो. पाहिले. आणि त्याखाली त्यांची आखूड सही.

त्यानंतर रत्नाला एकदाही कळ आली नाही. जुलैच्या सहा तारखेला, भर दिवसा, वेळेवर, कळा येऊन ती बाळंत झाली. मुलगा झाला, सहा पौंडांचा, आवाज असा की व्हरांड्यातल्या बायका हसायला लागल्या. नवल पेढ्यांचे चार डबे घेऊन आले. भिकुबाई अक्कांनी बाळाचा कान बघून निर्वाळा दिला की आबाच शेत, बठ्ठं तेच. आबाच आले म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

बाळाला माझ्या मांडीवर दिलं तेव्हा मी त्याच्याकडे खूप वेळ बघत होते. गोड होता. नवा होता. माझ्याकडे त्यानं जसं बघितलं तसं ओळखीचं माणूस बघत नाही. मी थांबा म्हटलं होतं, आणि ते सगळ्या पायऱ्या उतरून परत गेले होते. थांबा म्हणजे जा असं मला म्हणायचं नव्हतं. पण मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज एकदाच करायचा असतो आणि तो एकदाच मंजूर होतो.

बाराव्या दिवशी पाळणा झाला, पाहुणे गेले. त्यानंतरच्या रविवारी मी चहा घेऊन दारामागे गेले. माझं वाक्य पुसलं आणि त्या जागी वदन लिहिलं. त्याखाली सदन, सहन, त्यांच्या पायऱ्याही मीच लिहिल्या, थेट दहनला नेऊन भिडवल्या. लाल पेन्सिल तासून खिळ्याजवळ ठेवली. सोमवारी पान जसंच्या तसं होतं. शिडी बरोबर होती, म्हणून खूण करायची गरज वाटली नसेल, अशी मी माझी समजूत घातली.

म्हणून पुढच्या रविवारी मी नवं पान लावलं. वर एक शब्द लिहिला, खाली एक लिहिला, आणि पहिल्याच पायरीवर तिन्ही अक्षरं बदलून टाकली. शिवाय ते शब्द म्हणून कुठे सापडणारही नाही असं काहीतरी लिहिलं. एवढी ढोबळ चूक एकोणीस वर्षांत माझ्या एकाही वाचकानं केलेली नाही. असली चूक डोळ्यांसमोर ठेवून ते अर्धा तास जेवायलाही बसले नसते. एकदा पत्रिकेवरची छापील चूक दुरुस्त करायला नवरदेवाच्या बापाकडून पेन मागून घेतलं होतं त्यांनी.

सोमवारी पहाटे मी कान देऊन पडून राहिले. बाळ एकदा रडलं, रत्नानं त्याला घेतलं, गल्लीत दूधवाला आला. मी उठून बघितलं. चूक तशीच होती. मंगळवारीही तशीच होती, बुधवारीही.

पुढच्या रविवारपर्यंत वाट पाहिली. मग लाल पेन्सिल घेतली आणि ती चूक मीच खोडली.